कान मोडलेल्या कॅसेटा

शुक्रवार, ६ ऑक्टोबर १९८९

आज एकवीस कॅसेटा भरल्या. एकवीस! दसरा चार दिवसांवर, आणि मालकांची दाढ सुजलेली. तोंडाला उपरणं बांधून दिवसभर गल्ल्यावर बसून राहिले, बोलणं सगळं बोटानं. दोन्ही मशीन माझ्याच अंगावर. डाव्या खणात मूळ गाणं, उजव्या खणात रिकामी कॅसेट, दाबा बटण, अर्धा तास थांबा, उलटवा. आदिलाबादच्या बस स्टँडसमोर दोन वर्षं हेच करतो आहे.

नवीन संपल्या तेव्हा धुतलेल्या काढल्या. धुतलेल्या म्हणजे जुन्याच. मालक त्यांचा डबा भरून ठेवतात आणि गर्दीत त्यांच्यावरच नवीन गाणी चढवतात. काहींचे कान मोडलेले असतात — मागच्या कडेचे ते दोन बारके तुकडे. ते मोडले की मशीन त्यावर भरत नाही, मग भोक बुजवावं लागतं. मालक सिगरेटची चांदी कोंबतात. मी सिगरेट ओढत नाही. हाताशी ही वही असते, हिचाच कोपरा फाडतो. वहीला उंदरांनी खाल्ल्यासारखं झालं आहे.

पाय ठणकतात. इथं जीव लागत नाही. नागपूरला जावं, नाहीतर मस्कतला, कुठंही. दिवाळीला सुट्टी मिळाली तर आधी मुधोळला, घरी. वाट बघत असेल

गुरुवार, २ नोव्हेंबर

परत आलो. माय गेली.

तापानं. सतरा तारखेला. मला निरोप कळून मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. दिवाळीच्या दिवशी तेरवी आली. गावात फटाके, आमच्या दारात पत्रावळी.

पण खरं लिहायचं ते हे नाही.

तेरवीच्या संध्याकाळी देवकामावशी जवळ येऊन बसली. म्हणाली, "मायची क्याशेट आयकली ना रे तू?" मी म्हणालो, कोणती? मावशीचं तोंड उतरलं.

शेजारचा मारोतराव मस्कतहून सुट्टीवर आला होता. तिकडं लिहिता न येणारी माणसं चिठ्ठीऐवजी कॅसेटच बोलून पाठवतात. मायनं त्याला मशीन आणायला लावलं. सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, मारोतरावालाही. "तूबी बाहीर उभा राय. हे माह्या लेकाशी बोलनं हाय." तासभर बोलली. दोन्ही बाजू भरत आल्या! ताप तेव्हाच अंगात होता, मावशी सांगते. आमची माय, जी बाजारात भाजी विकताना सुद्धा दोन शब्दांवर तिसरा बोलायची नाही. काय बोलली असेल तासभर? कोणालाच ठाऊक नाही.

कॅसेट नारिंगी रंगाची, वर अरबी अक्षरं. कोणी पुसू नये म्हणून मारोतरावानं स्वतः कान मोडले. गावातले भगवंतराव कोर्टाच्या तारखेला आदिलाबादला येणार होते, त्यांच्या हाती दिली. ते म्हणतात — तू दुकानात नव्हतास, भाड्याचा माईक पोचवायला गेला होतास, मी मालकाच्या हातात दिली. चार ऑक्टोबरला.

चार ऑक्टोबर! मारोतराव मस्कतला परत गेला. माय वर गेली. आणि मी इथं तिच्या कॅसेटपासून दोन हातांवर बसून दुसऱ्यांची गाणी भरत होतो.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

विचारलं.

आधी आठवेना मालकाला. मग म्हणाला, "हो रे. भगवंतराव देऊन गेले होते खरे. माही दाढ ठणकून राह्यली होती... कुठं ठेवली मी? धुतलेल्यात त नाही गेली?"

डबा उपडा केला. नारिंगी कॅसेट नाही. कपाट, गल्ला, बाकड्याखाली. नाही. म्हणजे भरली गेली. विकली गेली. मायच्या तोंडावर कोणाचं तरी गाणं बसलं.

मग मालक काय बोलला? कपाटातून दोन कोऱ्या कॅसेटा काढल्या, माझ्यासमोर ठेवल्या. "घे बाबू. नवीन हायेत."

दोन नवीन!

आजपासून ह्या वहीत सुधाकररावाला अहो-जाहो नाही. तोंडावर मालक म्हणेन. इथं नाही.

शनिवार, ४ नोव्हेंबर

झोप नाही. नोकरी सोडून जावं वाटलं. मग वाटलं, का? मी का जाऊ? आधी त्याचं काहीतरी पुसतो, मग जातो.

सोमवार, ६ नोव्हेंबर

त्याचं काय आहे ते मला ठाऊक आहे. पत्र्याची ट्रंक. तीत अकरा अमेरिकन कॅसेटा.

मागं एक गोरा इंजिनियर कुठल्याशा कारखान्याची मशीन बसवायला आला होता. ह्याच्या माडीवर वर्षभर भाड्यानं राहिला. जाताना त्या देऊन गेला. अख्ख्या आदिलाबादेत तशा दुसऱ्या नाहीत. बँकेचे साहेब, कारखान्याचे साहेब, इंद्रवेल्लीचे रेंजर, सगळे त्यांच्यावरून भरून घ्यायला इथंच येतात. एरवी मला त्या ट्रंकेला हात लावू देत नाही. इंग्रजी तो स्वतः भरतो. त्याला इंग्रजी येतं असं नाही, सही तेवढी येते. पण गिऱ्हाईक नसलं की एखादी लावतो, डोळे मिटतो आणि गल्ल्यावर बोटं वाजवत बसतो. एकदा मी विचारलं होतं, मालक, तुमाले काय समजते? तर म्हणाला, "शब्द नाही समजत रे. पन मानूस खरं बोलून राह्यला का खोटं, ते समजते."

मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून मी त्यांना चित्रावरून नावं ठेवली आहेत. केसांचा कोंबडा — तो एल्विस. टोपीवाला. दाढीवाला म्हातारा. पिवळ्या केसांची बाई. चार पोरांचं टोळकं, तशी दोन टोळकी. आणि काळ्या कपड्याचा. त्याला मालक जॉनी क्याश म्हणतो. तो मालकाचा देव.

दुपारी एक ते तीन तो जेवायला घरी जातो, झोपून येतो. ट्रंकेची किल्ली गल्ल्यात असते.

आज केसांचा कोंबडा घेतला. कान मोडलेले होतेच. भोकात काय कोंबलं? चांदी! त्याच्याच रिकाम्या पाकिटातली. उद्या पकडलं तरी चांदी त्याची. मूळ कॅसेट उजव्या खणात घातली, डावा खण रिकामा ठेवला आणि भरायचं बटण दाबलं. आवाजाचा काटा पडला तो उठलाच नाही. गाणं चालू आहे असं वाटतं, फीत फिरते, आणि आत काही नाही.

सुरुवातीचं पहिलं गाणं ठेवलं. लावून बघितलं तर गाणं लागेल. पुढं ऐकलं तरच कळेल.

बुधवार, ८ नोव्हेंबर

टोपीवाला. साफ.

शनिवार, ११ नोव्हेंबर

चार पोरांचं एक टोळकं, मग दाढीवाला. पुसण्याआधी ऐकायची सवय लागली आहे. ऐकल्याशिवाय पुसण्यात मजा नाही. ज्याला मारायचं त्याचं तोंड तरी बघावं.

बुधवार, १५ नोव्हेंबर

पिवळ्या केसांची बाई.

ती गाते तेव्हा दोन वावरं पलीकडून कोणी हाक मारतं आहे असं वाटतं. हसत गाते, पण रडू गळ्यात अडवून धरलेलं. तिची दोन गाणी मी तीनदा मागं घेऊन ऐकली. दोन वाजायला आले. पुसू नये, हिनं माझं काय केलं, असं मनात आलं.

तेवढ्यात कपाटावरच्या त्या दोन कोऱ्या कॅसेटा दिसल्या. अजून तिथंच ठेवल्या आहेत त्यानं, माझ्यासाठी.

पुसली.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

निवडणुकीचे भोंगे. सकाळपासून तीन पक्षांच्या घोषणा भरल्या, तिन्ही माणसं एकाच बाकड्यावर बसून चहा पीत होती. एकाचा आवाज बसला तर दुसऱ्यानं त्याला खडीसाखर दिली. बाहेर जाऊन एकमेकांना चोर म्हणणार!

संध्याकाळी इंद्रवेल्लीचे रेंजर साहेब आले, जीपमधल्या टेपच्या पट्ट्यासाठी. ते मोकळे आहेत. मी विचारलं, ही अमेरिकेची माणसं काय गातात? ते हसले. म्हणाले, खेड्यातली माणसं आहेत रे, तुझ्यामाझ्यासारखी. घर सोडून लांब गेलेली. गाडी, दारू, जेल. आणि म्हातारी गावाकडं वाट बघते. परत जाईन म्हणतो आणि जात नाही. दहातली सहा गाणी हीच.

त्यांनी विचारलं, काय झालं? म्हणालो, काही नाही साहेब, डोळ्यांत धूळ गेली.

ते जॉनी क्याशची कॅसेट रोज जंगलात वाजवतात म्हणे. मालकाकडून दसऱ्याच्या आधी नेलेली.

शनिवार, २५ नोव्हेंबर

दहा झाल्या. काळ्या कपड्याचा तेवढा उरला. तो शेवटी. देवाला शेवटी बुडवतात.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

आज कळलं त्याला!

बँकेच्या साहेबांची ऑर्डर होती. त्यानं पिवळ्या केसांची बाई लावली, भरायला घातली आणि बाहेर जाऊन बसला. पहिलं गाणं संपलं. दुसरं येईना. आत आला, आवाजाचं बटण फिरवलं. कानात बोट घालून बघितलं! मग उलटवली. मग टोपीवाला. मग कोंबडा. एक एक काढत गेला, लावत गेला. पहिलं गाणं, आणि पुढं नुसतं सूंऽऽ.

मी बाहेर बाकडं पुसत होतो. एकच बाकडं चार वेळा पुसलं.

शेवटी त्यानं कोंबडा डोळ्यांजवळ धरला आणि सुईनं भोकातली चांदी काढली. लांब करून बघितली. खिशातलं पाकीट काढून त्यातली चांदी शेजारी धरली.

मला वाटलं आता माझ्यावर येतो. मी तयार होतो. ओठांवर सगळं आलं होतं — मायचं नाव, नारिंगी कॅसेट, सगळं.

तो म्हणाला, "माह्याच हातानं झालं रे, महिपत. गर्दीत भोकं बुजवली असन मी, आन ध्यान नाही राह्यलं."

गुरुवार, ३० नोव्हेंबर

कुसुमबाई, मालकीणबाई, डबा घेऊन दुकानात आल्या. एरवी कधी येत नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे घरी जेवून नाही राह्यले, दुकानात काय झालं ते सांग. मी म्हणालो, काही कॅसेटा पुसल्या गेल्या. त्या म्हणाल्या, एवढ्यासाठी? मग म्हणाल्या, तो गोरा असताना हे दोघं रोज संध्याकाळी माडीवर बसत. एकाला दुसऱ्याची बोली येत नव्हती. तासन्‌तास बसत.

बरं वाटलं. लई बरं वाटलं. आता कळू दे रिकामी फीत कशी वाजते.

शनिवार, २ डिसेंबर

आज गल्ल्यावरून उठला आणि काळ्या कपड्याची कॅसेट माझ्या हातात दिली. म्हणाला, "माह्या हाताचा आता भरोसा नाही. हे एक उरली. तू ठेव तुह्यापाशी."

माझ्यापाशी!

हसू आवरेना. मोरीत जाऊन हसलो. मग हसू थांबलं तरी तिथंच उभा राहिलो.

सोमवार, ११ डिसेंबर

अजून पुसली नाही. का नाही, मला ठाऊक नाही. रोज दुपारी ऐकतो. आगगाडी पुलावरून जाते तसा ठेका. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. हा माणूस गाताना कोणाला खूश करायला बघत नाही. खरं बोलतो. मालक म्हणाला होता ते बरोबर आहे, आणि ते बरोबर आहे ह्याचा मला राग येतो.

मालक बारीक झाला आहे. धुतलेल्यांचा डबा त्यानं भंगारवाल्याला देऊन टाकला. आता नवीनच विकायच्या म्हणतो.

मारोतरावाला मस्कतला चिठ्ठी टाकली, थोडंसं काही कानावर पडलं होतं का. उत्तर नाही.

सोमवार, १८ डिसेंबर

सकाळी रेंजर साहेबांचा ड्रायव्हर आला. जीपमध्ये फीत गुंतली म्हणे, दुरुस्त करून द्या, परवा नेतो. कागदाच्या पुड्यात दिली.

पुडा सोडला.

नारिंगी. वर अरबी अक्षरं.

बाहेर लोंबणारी फीत पेन्सिलनं गुंडाळली. दोनदा पीळ पडला. मालक जेवायला गेला तेव्हा लावली. काळ्या कपड्याचा. सगळीकडं तोच. एक बाजू पूर्ण ऐकली, शेवटपर्यंत तोच. दुसरी लावली. तोच, तोच. शेवटचं गाणं संपलं. खट्ट झालं.

आणि कोंबडा आरवला. आमच्या शेजारचा कोंबडा!

मग मारोतराव, लांबून, दारातून बोलल्यासारखा: "बोला ना काकू आनखी. फीत उरली हाय."

मग माय.

"आता काय बोलू? सारं सांगून झालं माह्यं. फीत उरली म्हनून बोलतच राहू काय मी? कर बंद."

खट्ट.

एवढंच. तासाभरातलं एवढंच उरलं. सारं सांगून झालं म्हणते! काय सांगून झालं, माय?

दहा वेळा ऐकलं. पंधरा वेळा.

आणि हे कोणी भरलं? जॉनी क्याश. इंग्रजी. म्हणजे त्यानंच. दाढ सुजली तरी साहेबाचं काम सोडलं नसेल. मायला त्यानं स्वतःच्या हातानं पुसलं, आणि पुसायला घेतलं ते स्वतःच्या देवाचं गाणं!

मंगळवार, १९ डिसेंबर

एक वाजता तो गेला. सव्वाला काळ्या कपड्याचा उजव्या खणात घातला. चांदी कोंबली. ह्या वेळी सुरुवातही ठेवली नाही. दोन्ही बाजू, पहिल्या इंचापासून शेवटच्यापर्यंत. काटा पडलेला बघत बसलो.

झालं. उद्या रेंजरची कॅसेट त्यांना नवीन भरून देतो असं सांगेन आणि नारिंगी मी घेईन. मग बस. मग कुठंही.

बुधवार, २० डिसेंबर

निघण्याआधी मायचा तुकडा तरी राहावा म्हणून भोकं मोकळी करायला बसलो, मारोतरावानं केली होती तशी. सुई घातली. चांदी निघाली नाही. कागद निघाला. निळ्या रेघांचा. उलगडला तर माझ्या अक्षरात एकच शब्द: माय.

सहा ऑक्टोबरच्या पानाला लावून बघितला. बसला.

आता आठवतं. एकवीस भरून झाल्या म्हणून वही लिहीत बसलो होतो, शेवटच्या ओळीवर होतो. मालकांना तोंड उघडता येत नव्हतं. त्यांनी ट्रंकेतून काळ्या कपड्याची कॅसेट काढून माझ्या हातात दिली, बोटानं मशीन दाखवलं. मी डब्यात हात घातला, आली ती घेतली. बाविसावी. हातातल्याच पानाचा कोपरा फाडला. रंगसुद्धा बघितला नाही.

ते गाणं आता आदिलाबादेत एकाच ठिकाणी उरलं आहे, मायच्या कॅसेटवर.

मालक जेवून आले. बाहेरून विचारतात, "झाली का रे बाबू दुरुस्त? लाव बरं थोडीशी."